इन्सुलिन शरीरात काय करतं, आणि ते घरी घ्यायची वेळ आली तर काय करायचं

‘डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलंय’ असं घरी सांगितलं की घरातले गप्प होतात आणि मग कुणीतरी विचारतंच, ‘म्हणजे आता शेवटची स्टेज का?’ नाही. इन्सुलिन हे तुमच्या शरीरात जन्मापासून बनत आलेलं संप्रेरक आहे. मधुमेहात ते कमी पडतं किंवा त्याचा उपयोग नीट होत नाही. जेवढं कमी पडतंय तेवढं बाहेरून द्यायचं, इतकाच इंजेक्शनचा अर्थ. किती कमी पडतंय आणि दिवसाच्या कोणत्या वेळी कमी पडतंय, हे ओळखणं मात्र अवघड असतं. ते ओळखायला इन्सुलिनचं काम समजायला लागतं, म्हणून सुई कशी टोचायची याआधी शरीरात काय चालतं ते सांगतो. डोस ठरवणं हे डॉक्टरांचंच काम. ते त्यांना नीट करता यावं यासाठी घरून काय न्यायचं, हे या लेखात आहे.

आधी हिशेब: रक्तात साखर असते तरी किती?

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. उपाशीपोटी साखर ९० आली, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ९० मिलिग्रॅम. पाच लिटरचा हिशेब केला तर साडेचार ग्रॅम होतात. चहाचा एक चमचा, बस्स. आता कांदेपोह्यांची एक प्लेट घ्या. तिच्यात चाळीसेक ग्रॅम पिष्टमय पदार्थ सहज असतात आणि पचल्यावर त्याचं बहुतांश ग्लुकोज होतं. ते सगळं रक्तातच साचून राहिलं असतं तर आकडा आठशे-नऊशेच्या घरात गेला असता. निरोगी माणसाचा आकडा जेवणानंतरही सहसा १४०च्या वर जात नाही. उरलेली साखर कुठे जाते, याचं उत्तर म्हणजे इन्सुलिन.

पोटाच्या मागे आडवं असलेलं स्वादुपिंड मुख्यतः पाचकरस बनवतं. पण त्यात पेशींची छोटी छोटी बेटं विखुरलेली आहेत. पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने ती १८६९ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. त्यांचं काम काय, हे त्याला कळलं नव्हतं. या बेटांमधल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात आणि साखर मोजतातही. रक्तातलं ग्लुकोज पेशीत शिरतं, जळतं, त्यातून ऊर्जा तयार होते. त्यामुळे पोटॅशियमची दारं मिटतात, कॅल्शियम आत येतं आणि आधीच भरून ठेवलेल्या इन्सुलिनच्या पिशव्या बाहेर रिकाम्या होतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या पोटॅशियमची हीच दारं बंद करतात. साखर कमी असली तरीही करतात, म्हणून गोळी घेऊन जेवण टाळलं की साखर फार उतरते आणि घाम फुटतो.

इन्सुलिन दोन हप्त्यांत येतं. पहिला लोंढा दोन-चार मिनिटांत येतो, तो साठ्यातला माल. दुसरा हळूहळू, साखर वर आहे तोवर चालू राहतो. आतडंही आधी वर्दी देतं. तेवढंच ग्लुकोज शिरेतून दिलं तर इन्सुलिन कमी स्रवतं आणि तोंडाने दिलं तर जास्त, कारण अन्न आलं की आतड्यातली संप्रेरकं बीटा पेशींना जागं करतात.

यकृताकडे लक्ष द्या

इन्सुलिन म्हणजे किल्ली आणि पेशी म्हणजे कुलूप, हे उदाहरण प्रत्येक दवाखान्यातल्या तक्त्यावर असतं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. स्नायू आणि चरबीच्या पेशींना ते लागू पडतं. इन्सुलिन चिकटलं की पेशीच्या आत ठेवलेले ग्लुकोजचे वाहक पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतात. मेंदूला आणि तांबड्या पेशींना मात्र साखर घ्यायला इन्सुलिनची गरजच नसते. उरलेली अर्धी गोष्ट यकृताची आहे, आणि सकाळच्या आकड्याने हैराण झालेल्यांना नेमकी तीच कुणी सांगितलेली नसते.

रात्री नऊला जेवून सकाळी सातला उठेपर्यंत दहा तास पोटात काही जात नाही. मेंदूला तर दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम ग्लुकोज लागतं, झोपेतसुद्धा. ते यकृत पुरवतं. यकृतात साधारण १०० ग्रॅम साखर साठवलेली असते, शिवाय प्रथिनांच्या घटकांपासून ते नवीनही बनवतं. हा पुरवठा किती सोडायचा, यावर लगाम इन्सुलिनचा. स्वादुपिंडातून निघालेलं इन्सुलिन सगळ्यात आधी यकृतातच पोचतं आणि निम्म्याच्या आसपास तिथेच संपतं. दोन जेवणांच्या मध्ये आणि रात्रभर इन्सुलिन थेंब थेंब झिरपत असतं, ते यासाठीच. बेटांमधल्याच अल्फा पेशी ग्लुकॅगॉन सोडून यकृताला उलटा हुकूम देत असतात: साखर सोड.

म्हणजे इन्सुलिनची कामं दोन: चोवीस तास यकृताला आवरणं आणि जेवणानंतर आलेली साखर स्नायूंत पोचवणं. उपाशीपोटीची साखर पहिल्या कामाचा निकाल सांगते, जेवणानंतरची दुसऱ्याचा. ‘काल रात्री फक्त मुगाची खिचडी खाल्ली, तरी सकाळी १८०?’ याचं कारण बहुधा खिचडीत नसतं. ती साखर पहाटे यकृताने ओतलेली असते. पहाटे चारनंतर कॉर्टिसॉल, ग्रोथ हार्मोन ही संप्रेरकं वाढतात आणि यकृताला चेव येतो. अशा वेळी रात्रीचं जेवण आणखी तोडून हाती फारसं लागत नाही.

तिसरं एक काम असतं, ते बिघडल्याशिवाय लक्षात येत नाही. इन्सुलिन चरबीचं विघटन रोखून धरतं. ते अजिबातच नसेल तर चरबी वितळत सुटते, यकृत तिच्यापासून कीटोन नावाची आम्लं बनवतं आणि रक्त आम्ल होतं. हा बांध धरायला अगदी थोडं इन्सुलिन पुरतं. म्हणून टाइप २ मधुमेहात, जिथे थोडंफार इन्सुलिन शिल्लक असतं, साखर ३०० असूनही कीटोन सहसा होत नाहीत आणि टाइप १मध्ये, जिथे ते जवळजवळ बनतच नाही, इन्सुलिन बंद केलं की एक-दोन दिवसांत होतात.

बिघाड कुठे होतो

टाइप १मध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच बीटा पेशी मारते. बहुधा मुलांत किंवा तरुणपणी, पण चाळिशीतही होऊ शकतो. लक्षणं काही आठवड्यांत दिसतात: सारखी तहान, भराभर घटणारं वजन, अंथरूण ओलं करणं सुटलेलं मूल पुन्हा करायला लागणं. साखर साधारण १८०च्या वर गेली की मूत्रपिंडाला ती परत शोषून घेणं जमत नाही. ती लघवीतून जाते आणि सोबत पाणी ओढून नेते. अशा मुलाला इन्सुलिनशिवाय उपचार नाही. काढा नाही, गोळी नाही, पथ्यही नाही.

हे किती खरं आहे, ते शंभर वर्षांपूर्वी दिसलं. १९२१ मध्ये टोरंटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी प्राध्यापक जॉन मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या स्वादुपिंडाचा अर्क काढला. ११ जानेवारी १९२२ ला लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला गुरांच्या स्वादुपिंडापासून काढलेला तसाच अर्क टोचला. अर्क अशुद्ध होता, फारसा उपयोग झाला नाही. जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केला, २३ जानेवारीला पुन्हा दिला आणि साखर उतरली. पुढे तो मुलगा आणखी तेरा वर्षं जगला. बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन आहे. आपल्याकडे त्याच दिवशी बालदिन असतो, त्यामुळे शाळांमधून टाइप १बद्दल बोलायला यापेक्षा चांगली तारीख नाही. फारसं कुणी बोलत नाही, ते वेगळं.

टाइप २मध्ये इन्सुलिन असतं, पण स्नायू आणि यकृत त्याला दाद देत नाहीत. यकृतात आणि स्नायूंत साचलेली चरबी हे त्याचं मोठं कारण. बीटा पेशी जास्त इन्सुलिन काढून वर्षानुवर्षं भरपाई करतात आणि मग थकतात. निदान होतं तोवर त्यांची बरीच ताकद गेलेली असते.

‘मी तर बारीक आहे’ म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं उदाहरण ऐकावं. २००४ मध्ये त्यांनी आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो आणि मोजमापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपली चरबी वजनकाट्यावर दिसत नाही, ती पोटात आत असते. म्हणून टेप घ्या. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर तपासणी करून घ्या. गोवेकरांनी तर नक्कीच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे २०२३ मध्ये आलेले आकडे सांगतात की देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि राज्यवार पाहिलं तर गोवा सर्वांत पुढे, २६.४ टक्के.

बीटा पेशींची ताकद वर्षागणिक घटत जाते, म्हणून दहा-पंधरा वर्षांनी अनेकांना इन्सुलिन लागतं. पथ्य नीट पाळणाऱ्यांनाही लागतं. त्यात अपराध वाटून घेण्यासारखं काही नाही. आणि ‘सवय लागते’ हा समज सोडून द्या. ऑपरेशन, मोठा संसर्ग, स्टिरॉइडचा कोर्स, गरोदरपण अशा वेळी इन्सुलिन सुरू करतात आणि नंतर अनेकांचं बंदही करतात.

निदानाचे आकडे

उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, एचबीए१सी ६.५ किंवा जास्त. यांपैकी काही आलं, पण लक्षणं नसतील, तर दुसऱ्यांदा तपासून खात्री करतात. उपाशीपोटी १०० ते १२५ आणि एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा.

एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशींवर चढलेली साखर. या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून हा आकडा दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. पेशींचं आयुष्यच बिघडलेलं असेल तर तो फसवतो. नंदुरबार, गडचिरोली या भागांत सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार बऱ्यापैकी आढळतो. कुटुंबात तो असेल किंवा तुम्हाला रक्तक्षय असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

वही घाला

प्रयोगशाळेचा महिन्याचा एक आकडा घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर त्यांनाही अंदाजच करावा लागतो. त्यापेक्षा भेटीआधीच्या आठवड्यात ग्लुकोमीटरने जोडीने मोजा. आज न्याहारीच्या आधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी, उद्या दुपारच्या जेवणाचं, परवा रात्रीच्या जेवणाचं. एखाद्या दिवशी झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्यावर. शेजारी काय खाल्लं, किती वाजता, गोळी किंवा इन्सुलिन किती, चाललात का, हे लिहा.

मोजताना हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा चिरलेल्या बोटाने मोजलं तर मीटर आंब्याची साखर दाखवतो. सॅनिटायझरपेक्षा साबण बरा. बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा, दुखतं कमी. पट्ट्यांची मुदत बघा आणि डबीचं झाकण लगेच लावा. मीटर आणि लॅब यांच्यात दहा-पंधरा टक्के फरक येतो, त्यावरून भांडत बसू नका.

आता वही वाचायची कशी? समजा तीन वह्या समोर आहेत.

पहिली: झोपताना १४८, पहाटे तीनला १५२, उठल्यावर १८९. रात्रभर साखर स्थिर होती, पहाटे चढली. दोष जेवणाचा नाही, यकृताला आवरणारं इन्सुलिन पहाटे कमी पडतंय.

दुसरी: उपाशीपोटी ११२, पोहे आणि चहा-बिस्किटांनंतर २४६, दुपारी जेवणाआधी १५०. इथे यकृत ताळ्यावर आहे, जेवणाच्या वेळचा पहिला लोंढा हरवलाय. अशा माणसाला न्याहारी बदलून, प्रमाण कमी करून आणि खाऊन झाल्यावर पंधरा मिनिटं चालून लक्षणीय फरक पडतो. चालताना स्नायू आकुंचन पावतात आणि त्या हालचालीनेच साखरेचे वाहक पृष्ठभागावर येतात, इन्सुलिनची वाट न बघता. पोह्यांऐवजी ज्वारीची भाकरी खाल्ली तर मनमुराद चालते, असं मात्र नाही. भाकरीतही पिठूळ भागच जास्त असतो, मोजूनच खायची. गुळाचंही तेच.

तिसरी: झोपताना १३२, पहाटे ६१, उठल्यावर ११८. उठल्यावरचा आकडा बघून घरात आनंद होईल. पण ही वही तिघांत सर्वांत धोक्याची आहे. रात्रीचा डोस जास्त होतोय, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. पहाटेला एकदा उठून मोजा असं सांगतात ते यासाठी.

बऱ्याच जणांसाठी उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर १८०च्या आत आणि एचबीए१सी ७च्या आसपास किंवा कमी हे लक्ष्य ठेवतात. एकटे राहणारे, वयस्कर, हृदयविकार असलेले यांच्यासाठी ते सैल असतं. शेजारच्या काकांचं लक्ष्य स्वतःला लावून घेऊ नका.

तुम्हाला कोणतं इन्सुलिन दिलंय?

नाव नाही, काम विचारा. ग्लार्जिन, डेग्लुडेकसारखी लांब पल्ल्याची इन्सुलिनं चोवीस तास यकृताला आवरतात. ती जेवणाशी बांधलेली नसतात, ठरलेल्या वेळी घ्यायची. रेग्युलर हे जेवणासाठीचं; ते अर्ध्या तासाने काम सुरू करतं आणि सहा-आठ तास टिकतं, म्हणून जेवणाआधी अर्धा तास घेतात. अस्पार्ट, लिस्प्रो जलद असतात, ती जेवायला बसतानाच घेतली तरी चालतात. आणि आपल्याकडे घरोघरी दिसणारं ३०/७० हे मिश्रण आहे: तीस टक्के रेग्युलर, सत्तर टक्के मध्यम पल्ल्याचं दुधाळ इन्सुलिन. स्वस्त आणि सोपं, पण ते तुम्हाला घड्याळाला बांधतं. एकदा टोचलं की जेवण टाळता येत नाही, उशीरही चालत नाही. तुमचं जेवण रोज वेगळ्या वेळी होत असेल, ड्युटी बदलत असेल, तर हे पहिल्याच भेटीत सांगा.

सिरिंज आणि बाटली जुळतेय का, आधी बघा

इथे घाई करू नका. भारतात इन्सुलिन मुख्यतः दोन तीव्रतेचं मिळतं. ह्युमन इन्सुलिनच्या (रेग्युलर, ३०/७०सारख्या) १० मिलिलिटरच्या बाटल्या बहुधा ४० युनिटच्या असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, बाटलीत ४००. बहुतेक पेनमधलं आणि बऱ्याच नव्या इन्सुलिनच्या बाटल्यांमधलं मात्र १०० युनिटचं. सिरिंजही दोन प्रकारच्या: यू-४०चं झाकण सहसा लाल, यू-१००चं केशरी.

अदलाबदल झाली तर काय होतं ते बघा. यू-४० सिरिंजवर १० चा आकडा म्हणजे पाव मिलिलिटर. त्यात ४०चं इन्सुलिन भरलं तर १० युनिट, १००चं भरलं तर २५. अडीचपट! उलट ४०च्या बाटलीतून यू-१०० सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत घेतलंत तर जातात फक्त चार. घरात ‘आकडा तर बरोबर होता’ असंच सगळे म्हणत राहतात. म्हणून दुकानातून बाटली घेताना तिच्यावरचं ‘४०’ किंवा ‘१००’ आणि सिरिंजच्या पाकिटावरचा आकडा काउंटरवरच जुळवून बघा. झाकणाच्या रंगावर भिस्त ठेवू नका. दुकानदार ‘ही नाही, ती घ्या, सारखंच आहे’ म्हणाला तर घेऊ नका. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन काढायचा उद्योग तर कधीच करू नका.

टोचणं

१. हात धुवा. बाटलीवरची मुदत आणि नाव वाचा. स्वच्छ इन्सुलिन पाण्यासारखं दिसायला हवं. गढूळ झालं, तळाशी कण किंवा गोळे दिसले तर टाकून द्या.

२. ३०/७० सारखं दुधाळ इन्सुलिन तळहातांमध्ये दहा-वीस वेळा हलकेच फिरवा, एकसारखं पांढरं होईपर्यंत. खळखळून हलवू नका, फेस येतो. हे न करणाऱ्यांची साखर एक दिवस वर, एक दिवस खाली होत राहते.

३. जेवढे युनिट घ्यायचे तेवढी हवा सिरिंजमध्ये ओढून बाटलीत सोडा, मग बाटली उलटी धरून इन्सुलिन घ्या, बुडबुडे टिचकी मारून काढा. पेन असेल तर सुई लावून दोन युनिट हवेत सोडून बघा. थेंब आला तरच डोस लावा.

४. जागा पोटाची, बेंबीपासून दोन बोटं सोडून. मांडीचा बाहेरचा भागही चालतो. पोटातून सर्वांत लवकर शोषलं जातं. सकाळी पोट, संध्याकाळी मांडी अशी वेळ आणि जागा ठरवून घ्या.

५. सिरिंजसाठी कातडीची चिमूट धरा आणि चिमूट धरूनच टोचा. चार मिलिमीटरच्या पेन-सुईला बहुतेकांना चिमूट लागत नाही, सरळ काटकोनात. दट्ट्या पूर्ण दाबून दहापर्यंत मोजा, मग सुई काढा. चोळू नका.

६. पुढचं इंजेक्शन एक बोट बाजूला. रोज त्याच जागी टोचणं सोपं वाटतं कारण तिथे दुखत नाही, पण न दुखणं हीच तक्रार आहे. तिथे चरबीची गाठ होते आणि तिच्यातून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने पोट चाचपा. गाठ लागली तर ती जागा काही महिने सोडा, पण आधी डॉक्टरांना सांगा. चांगल्या जागी टोचल्यावर तोच डोस जास्त लागू पडतो आणि साखर एकदम उतरू शकते.

सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाका आणि भरलेला डबा जवळच्या दवाखान्यात द्या. उघड्या सुया ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकल्या तर त्या कचरा वेचणाऱ्यांच्या हाताला टोचतात.

ठेवायचं कुठे

न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत. फ्रीजरमध्ये नाही आणि बर्फ धरणाऱ्या मागच्या भिंतीला चिकटूनही नाही. एकदा गोठलं की वितळल्यावर चांगलं दिसलं तरी टाकून द्यायचं. वापरात असलेली बाटली किंवा पेन २५-३० अंशांपर्यंत बाहेर चालतं, साधारण चार आठवडे. बाटलीवर उघडल्याची तारीख पेनाने लिहा. थंड इन्सुलिन टोचलं की जास्त झोंबतं.

उन्हाळ्यात वीज गेली तर? मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, वर ओलं फडकं आणि मडक्यात कोरड्या डबीत इन्सुलिन. पाणी उडून जाताना गारवा येतो, म्हणून विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत हे चांगलं चालतं. कोकणात आणि गोव्यात हवा दमट असल्याने फारसा गारवा धरत नाही. तिथे शेजाऱ्याचा इन्व्हर्टरवाला फ्रीज बरा. गाडीच्या डिकीत, एसटीत खिडकीच्या उन्हात ठेवू नका. विमानात नेहमी हातातल्या बॅगेत घ्या, खालच्या सामानात गोठायची भीती असते.

साखर उतरली तर

७०च्या खाली गेली की थरथर, घाम, छातीत धडधड, चिडचिड, भूक, डोळ्यांपुढे अंधारी. मीटर जवळ नसेल तर ते शोधण्यात वेळ घालवू नका. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात ढवळून द्या, साधारण १५ ग्रॅम. पंधरा मिनिटांनी मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. मग पुढचं जेवण लांब असेल तर पोळी-दूध असं काही खा. पेढा, चॉकलेट देऊ नका. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

तुमच्या गोळ्यांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल, आणि आपल्याकडे व्होग्लिबोज भरपूर लिहून देतात, तर घरची साखर लवकर चालत नाही. या गोळ्या साखरेचं विघटनच रोखतात. अशांनी ग्लुकोज पावडरच जवळ बाळगायची.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, श्वासात जाईल. कुशीवर वळवा, घरात ग्लुकॅगॉन असेल आणि द्यायचं शिकवलेलं असेल तर द्या, १०८ला फोन करा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे धडधड आणि थरथर कळतच नाही, फक्त घाम येतो. मूत्रपिंड कमजोर असेल तर इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं. या दोघांनी जास्त वेळा मोजावं.

उपवास आणि आजारपण

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही आपली जुनी थट्टा मधुमेहात खरी ठरते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीची भरली ताटली आणि वर रताळ्याचा कीस झाला की वही लाल होते. वरी-भगर घेतली तरी प्रमाण सांभाळावं लागतं. दाण्याची आमटी, ताक, काकडी वाढवा. याच्या उलट धोका निर्जळी उपवासाचा: सकाळी ३०/७० टोचलं आणि जेवण नाही, तर दुपारी माणूस पडतो. उपवास करायचाच असेल तर आठवडाभर आधी डॉक्टरांशी बोलून त्या दिवसाचा डोस लिहून घ्या. टाइप १ असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी उपवास करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ताप, जुलाब, उलट्या असताना ‘काही खाल्लंच नाही, मग इन्सुलिन कशाला’ म्हणून लोक ते बंद करतात. आजारपणात तणावाची संप्रेरकं वाढतात आणि यकृत न खाताही साखर ओततं. टाइप १मध्ये लांब पल्ल्याचं इन्सुलिन कधीच बंद करायचं नाही. टाइप २मध्येही डोस स्वतःच्या मनाने थांबवू नका, फोन करून विचारा. दर तीन-चार तासांनी साखर मोजा. घोट घोट पाणी, ताक, साखर खूप वर नसेल तर पेज घेत राहा. मेटफॉर्मिन, आणि नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेल्या गोळ्या चालू असतील तर त्या अशा दिवसांत घ्यायच्या की नाहीत, हे त्याच फोनवर विचारून घ्या. ग्लिफ्लोझिन गटाच्या गोळ्यांवर साखर फार वाढलेली नसतानाही कीटोन होऊ शकतात.

साखर सतत २५०च्या वर, वारंवार उलट्या, पोटात कळा, खोल आणि भराभर श्वास, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी: यातलं काही दिसलं तर घरी पट्टीवर पट्टी खर्चत बसू नका. इन्सुलिन, गोळ्यांची यादी आणि ती वही बरोबर घ्या आणि थेट रुग्णालयात जा.